फोटोग्राफर ताईंना विचारा : प्रसिद्ध चेहरा आणि हातात दहा मिनिटं

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की गेली बावीस वर्षं मी पोर्ट्रेट काढतेय, त्यातली चौदा-पंधरा वर्षं बहुतेक प्रसिद्ध माणसांचे, म्हणजे नट-नट्या, गायक, लेखक, खेळाडू असे, तर या कामाबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा. पत्रं आणि मेल इतके आले की सगळे छापणं शक्य नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि बऱ्याच जणांनी घरातल्या गोष्टी मोकळेपणाने लिहिल्यात म्हणून कुणाचंच नाव दिलेलं नाही.

ताई, मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला सेलिब्रिटी पोर्ट्रेट फोटोग्राफर व्हायचंय पण या लाईनमध्ये माझ्या ओळखीचं कुणीच नाही. आधी ओळखी वाढवू की आधी काम शिकू?

आधी काम. हा प्रश्न निम्म्या पत्रांत आहे म्हणून स्पष्टच सांगते. ओळखीने एखादा मोठा माणूस तुझ्यासमोर येऊन बसेलही, पण त्या दिवशी तुला लाईट नीट लावता आला नाही किंवा त्या माणसाशी काय बोलायचं ते सुचलं नाही तर ती ओळख तिथल्या तिथे संपते. आणि इथे सगळे एकमेकांशी बोलतात बरं का, मेकअपवाले, हेअरवाले, मॅनेजर, ड्रायव्हरसुद्धा, त्यामुळे फसलेल्या शूटची बातमी फोटोच्या आधी पोचते.

मोठ्या लोकांची सुरुवात बघितलीस तर तुला धीर येईल. आर्नल्ड न्यूमन यांचा संगीतकार स्त्राविन्स्कींचा फोटो तू पाहिला असशील, उघड्या पियानोचं ते काळं झाकण आणि कोपऱ्यात छोटासा माणूस. हेच न्यूमन आधी फिलाडेल्फियातल्या एका स्वस्त पोर्ट्रेट स्टुडिओत कामाला होते, ४९ सेंटला एक फोटो, दिवसभर माणसांची रांग. फॅशन आणि पोर्ट्रेटसाठी गाजलेले फोटोग्राफर रिचर्ड अॅव्हेडन दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या मर्चंट मरीनमध्ये, म्हणजे व्यापारी जहाजांच्या दलात होते, काम काय तर खलाशांचे ओळखपत्राचे फोटो काढायचे. समोरचा माणूस बसतो, अवघडतो, हनुवटी वर करतो, तू सांगितलंस की खाली आणतो, हे हजारदा डोळ्यांसमोर घडलं की मग हात आपोआप शिकतो. कुठल्याही कोर्समध्ये हे मिळत नाही, मी स्वतः कोर्स केलाय म्हणून सांगते.

तू एक कर. एक खिडकी ठरव, एक खुर्ची ठरव, आणि पन्नास माणसांचे फोटो काढ, प्रत्येकाला दहाच मिनिटं. लाईट तोच, जागा तीच, म्हणजे बदलणारी गोष्ट फक्त माणूस. साधारण विसाव्या माणसानंतर तुझ्या लक्षात यायला लागेल की काही जण बसल्या बसल्या पहिल्याच मिनिटात चांगले येतात आणि नंतर थकतात, तर काही जण शेवटच्या दोन मिनिटांतच सैल होतात. ही ओळख पटायला लागली की तुझं काम सुरू झालं असं समज.

त्याच्या जोडीला कुणाकडे तरी असिस्टंट म्हणून लाग. स्टँड उचलायचे, त्यांच्या पायावर वाळूच्या पिशव्या ठेवायच्या, वायरवर टेप मारायची म्हणजे कुणी अडखळणार नाही, असलीच कामं वर्षभर असतात. पण ती करता करता तू बघत असतेस की फोटोग्राफर दार उघडताना काय बोलतो, कधी गप्प बसतो, मॅनेजर घड्याळ दाखवायला लागला की त्याला कसं सांभाळतो. मी तीन वर्षं असिस्टंट होते आणि त्या तीन वर्षांचा मला आजही रोज उपयोग होतो.

आणि प्रसिद्ध माणसांची वाट बघत बसू नकोस. ज्यांना फोटो लागतात पण परवडत नाहीत असे खूप जण असतात, पहिलं पुस्तक येणारे लेखक, पहिली मैफल करणारी गायिका, नाटकात छोटी कामं करणारे नट. त्यांचे मन लावून काढ. त्यातले दोन-तीन जण दहा वर्षांनी मोठे होतात, आणि आपल्या पडत्या काळात आपल्याला चांगलं दाखवणारा माणूस कुणी विसरत नाही.

दहा मिनिटांत पोर्ट्रेट होतं म्हणतात ते खरं आहे का? एवढ्या वेळात नक्की काय करता?

खरं आहे. कधी पंधरा मिळतात, कधी सात. पण त्या दहा मिनिटांत मी फार कमी गोष्टी करते, बाकीच्या सगळ्या आधीच झालेल्या असतात.

पोर्ट्रेट फोटोग्राफर कार्श आणि ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांची गोष्ट या लाईनमध्ये सगळ्यांना माहीत असते. ३० डिसेंबर १९४१, ओटावा. चर्चिल कॅनडाच्या संसदेत भाषण करून स्पीकरच्या दालनात आले, तिथे युसुफ कार्श कॅमेरा लावून उभे होते. फोटो काढायचाय हे चर्चिलना कुणी सांगितलेलंच नव्हतं. ते वैतागले आणि एकच फोटो काढायची परवानगी दिली. सिगार काही तोंडातून काढेनात. कार्श पुढे गेले, माफ करा म्हणाले आणि सिगार अलगद काढून घेतला, परत कॅमेऱ्याशी येऊन क्लिक केलं, तोपर्यंत चर्चिलच्या चेहऱ्यावर तो प्रसिद्ध राग उमटलेला होता. मग चर्चिलनी हसून अजून एक काढायला परवानगी दिली. ही गोष्ट सांगताना सगळे सिगारवर थांबतात, मला मात्र त्याच्या आदली संध्याकाळ जास्त महत्त्वाची वाटते. त्या संध्याकाळीच कार्शनी त्या दालनात जाऊन लाईट आणि कॅमेरा लावून ठेवला होता. तसं केलं नसतं तर सिगार काढून काय उपयोग होता? त्या दोन-चार सेकंदांचा राग कॅमेऱ्यात आला कारण बाकी काहीच जुळवायचं राहिलेलं नव्हतं.

(सिगार ओढून घेण्याची नक्कल मात्र कुणी करू नका. नवीन मुलांना वाटतं की मोठ्या माणसाला चिडवलं की फोटो होतो, पण बहुतेक वेळा माणूस चिडतो आणि उठून जातो एवढंच होतं.)

माझं म्हणाल तर मी किमान दोन तास आधी जागेवर असते. ज्यांचा फोटो आहे त्यांच्या उंचीचा माणूस, बहुतेकदा माझा असिस्टंटच, त्यांच्या जागी उभा करून सगळा लाईट ठरवते, जमिनीवर टेपने इंग्रजी T सारखी छोटी खूण करते म्हणजे पाऊल कुठे यायचं ते पक्कं होतं. दोन सेटअप तयार ठेवते आणि तिसरा असा ठेवते की वीज गेली, फ्लॅश मेला तरी चालेल, म्हणजे खिडकी. कॅमेरे दोन, कार्ड दोन, बॅटऱ्या चार्ज करून. हे ऐकायला कंटाळवाणं वाटतं पण हेच काम आहे.

एकदा एका ज्येष्ठ अभिनेत्रींचं कव्हर शूट होतं. ठरले होते वीस मिनिटं, त्या आल्या चाळीस मिनिटं उशिरा आणि मॅनेजर दारातूनच म्हणाला, आठ मिनिटं मिळतील. त्या टेपवर येऊन उभ्या राहिल्या आणि माझा ट्रिगर, म्हणजे फ्लॅश पेटवणारं यंत्र, बंद पडला, फ्लॅश लागेचना. पहिला क्लिक काळा, दुसरा काळा. पोटात गोळा आला पण खिडकी होती. मी त्यांना म्हटलं, इकडे खिडकीशी बसता का, इथे जरा शांत आहे. असिस्टंटने दुसऱ्या बाजूला काळं कापड धरलं म्हणजे गालाची सावली खोल होईल. त्या बसल्या, चष्मा काढला, आणि शूटसाठी तो बाजूला ठेवायच्या ऐवजी बाहीच्या टोकाने काच पुसत बसल्या. कॅमेऱ्याकडे लक्ष नाही, माझ्याकडे नाही, सगळं लक्ष त्या काचेवरच्या एका डागावर. नाकाच्या दोन्ही बाजूंना चष्म्याचे लालसर ठसे उमटलेले होते. त्या दहा-पंधरा सेकंदांत त्यांचा चेहरा असा होता की मी तो त्यांच्या एकाही सिनेमात पाहिला नव्हता. मी काही बोलले नाही, अकरा फ्रेम काढल्या. मग त्यांनी वर बघून विचारलं, सुरू करायचं का? त्यानंतरही आम्ही नेहमीसारखे फोटो काढले, हसरे, हात गालावर वगैरे, ते छान आले. कव्हरवर गेला तो अकरातला तिसरा.

खिडकीची तयारी नसती तर मी ती आठ मिनिटं ट्रिगर खटखटवण्यात घालवली असती आणि चष्मा पुसणाऱ्या त्या बाई मला दिसल्याच नसत्या. तयारी करायची ती त्यासाठी, की तो माणूस आल्यावर माझं सगळं लक्ष फक्त त्याच्याकडे राहावं.

कुठला कॅमेरा, कुठली लेन्स घेऊ? बजेट कमी आहे.

जो परवडेल तो, सेकंडहँड चालेल. लेन्स ८५ किंवा ५० मिलिमीटरची, एक पुरे. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, जवळ गेल्यावर नाक मोठं दिसतं ते लेन्समुळे असं सगळे म्हणतात, खरं ते अंतरामुळे होतं. दीड-दोन मीटर लांब उभे राहा, चेहरा नैसर्गिक दिसेल. उरलेल्या पैशात एक मोठा पांढरा रिफ्लेक्टर आणि एक मोठं काळं कापड घ्या. लाईट वाढवायला पांढरं आणि काढून घ्यायला काळं, आणि काढून घेण्याचंच काम जास्त पडतं.

मोठ्या लोकांचा चेहरा आधीच तयार असतो ना? तेच हसू, तीच पोझ. तो कसा मोडायचा?

हा खरा प्रश्न आहे आणि याचं एक असं उत्तर नाही. ज्याचे फोटो हजारो वेळा निघालेत त्याला आपली कुठली बाजू चांगली दिसते, हसताना किती दात दिसले पाहिजेत, सगळं माहीत असतं. तो चेहरा खोटा असतो असं मी म्हणणार नाही, ती त्याची कमाई आहे, वर्षानुवर्षं घडवलेली. आधी तो चेहरा त्याला देऊ द्या, मनापासून काढा, त्याला बरं वाटतं. आणि मग थांबू नका.

१९५७ च्या मे महिन्यात हॉलिवूडच्या नटी मेरिलिन मन्रो अॅव्हेडनच्या न्यूयॉर्कच्या स्टुडिओत आल्या होत्या. तासन् तास नाचल्या, गायल्या, लाडिक हसल्या, म्हणजे जगाला जी मेरिलिन माहीत होती ती त्यांनी पूर्ण दिली. आणि सगळं संपल्यावर एका कोपऱ्यात बसल्या, अंगावर तोच चमचमणारा ड्रेस, नजर कुठेतरी खाली, चेहऱ्यावर काहीच नाही. तो फोटो आज त्यांच्या सगळ्या हसऱ्या फोटोंच्या वरचढ मानला जातो. माझ्या मते तो मिळाला कारण अॅव्हेडननी आधीची मेरिलिन दमेपर्यंत काढली आणि त्या बसल्यावर कॅमेरा गुंडाळून ठेवला नाही.

फोटोग्राफर फिलिप हाल्समन यांनी वेगळाच रस्ता काढला. सिटिंग संपताना ते लोकांना म्हणायचे, आता माझ्यासाठी एक उडी मारा. उडी मारताना माणसाचं लक्ष उडीत असतं, चेहरा सांभाळायला उरत नाही. मन्रोनी मारली, रिचर्ड निक्सननी मारली, विंडसरचे ड्यूक आणि डचेस, म्हणजे राजगादी सोडलेले इंग्लंडचे राजे आणि त्यांची बायको, जोडीने उडाले, १९५९ मध्ये त्यांनी या उड्यांचं पुस्तकच काढलं. हाल्समन म्हणजे ज्यांनी लाइफ मासिकाची १०१ कव्हरं काढली ते, त्यामुळे त्यांना कुणी सहसा नाही म्हणत नसणार.

मी उड्या मारायला सांगत नाही, मी हाताला काम देते. शर्टाची बटणं लावा, घड्याळ काढून ठेवा, ही खुर्ची थोडी तिकडे सरकवाल का. गायकांना मी मनातल्या मनात एक ओळ म्हणायला सांगते, आवाज नको, आणि मग त्यांच्या गळ्याकडे आणि डोळ्यांकडे बघत राहते, कुठे सम आली ते दिसतं. आणखी एक सवय, मी कॅमेरा ट्रायपॉडवर लावून त्याच्या शेजारी उभी राहते, मागे लपत नाही. अॅव्हेडनही त्या मोठ्या कॅमेऱ्याच्या बाजूला उभे राहूनच काढायचे. समोरच्याला बघायला एक माणूस मिळाला की काचेकडे बघून येणारा ताठरपणा निम्मा जातो.

आणि प्रत्येक वेळी तो चेहरा मोडतोच असं नाही. कधीकधी माणूस ठरवून आलेला असतो की आज काही द्यायचं नाही, तो त्याचा हक्क आहे. अशा वेळी चांगला, स्वच्छ, त्याला आवडेल असा फोटो काढून द्यायचा आणि आभार मानायचे.

मी फार अबोल आहे. अनोळखी लोकांशी गप्पा मारता येत नाहीत. मला हे काम जमेल का?

जमेल. गप्पा मारणारा फोटोग्राफर हवाच असं काही नाही, दिवसभर मुलाखती देऊन दमलेल्या माणसाला तर शांत खोली आवडते. फक्त तुमचं गप्प बसणं त्याला अवघडल्यासारखं वाटता कामा नये. त्यासाठी आधी वाचून जा. कार्श माणूस येण्याआधी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचून ठेवायचे. तुम्ही त्या माणसाचं काम खरंच बघितलेलं असेल तर एकच वाक्य पुरतं, तुमच्या अमुक नाटकातला तो दुसऱ्या अंकातला प्रवेश मला आठवतो, एवढंच. मग तेच बोलतात. आणि काय करायचं ते मात्र स्पष्ट सांगा, हनुवटी थोडी खाली, खांदा माझ्याकडे. अबोल माणसं इथे चुकतात, सूचनाही पुटपुटतात, आणि समोरच्याला वाटतं आपलंच काही चुकतंय.

माझी मुलगी चांगली नोकरी सोडून पोर्ट्रेट फोटोग्राफी करायचं म्हणतेय. आम्ही तिच्या विरोधात नाही, पण यावर पोट भरतं का हे कुणीतरी खरं सांगा.

तुमची काळजी बरोबर आहे आणि मी गोड बोलणार नाही. भरतं, पण सुरुवातीची बरीच वर्षं नुसत्या प्रसिद्ध माणसांच्या पोर्ट्रेटवर भरत नाही. मासिकाच्या कव्हरने नाव होतं, पैसे कमीच असतात. पैसे येतात जाहिरातीतून, सिनेमा-नाटकाच्या पोस्टरमधून, कंपन्यांच्या बड्या अधिकाऱ्यांच्या फोटोंमधून. मी पहिली आठ वर्षं लग्नाचे फोटो काढले आणि त्याची मला अजिबात लाज नाही, घाईत, गर्दीत, रडणाऱ्या माणसांसमोर हात स्थिर कसा ठेवायचा ते तिथेच शिकले.

नोकरी एकदम सोडायलाच पाहिजे असंही नाही. आपल्या गौतम राजाध्यक्षांचं उदाहरण बघा, शिकले केमिस्ट्री, नोकरी जाहिरात संस्थेत. १९८० मध्ये त्यांनी शबाना आझमी, टीना मुनीम, जॅकी श्रॉफ यांचे फोटो काढले आणि नाव व्हायला लागलं, पण पूर्ण वेळ फोटोग्राफीत उतरले ते १९८७ मध्ये. मधली सात वर्षं पगार चालू होता. मला वाटतं त्यांच्या फोटोंत जी निवांतपणाची झाक आहे, कुठली घाई नाही, ओरबाडणं नाही, त्यात या सात वर्षांचाही वाटा असेल, कारण उद्याच्या भाड्याची चिंता असलेला फोटोग्राफर समोरच्या माणसाला नकळत घाई करतो.

आणि नाव झालं म्हणजे पैशाची काळजी मिटली असंही समजू नका. अॅनी लीबोवित्झ यांच्याहून मोठं नाव या क्षेत्रात आज शोधून सापडणार नाही. विद्यार्थिनी असतानाच १९७० मध्ये रोलिंग स्टोन या संगीतावरच्या मासिकासाठी काम सुरू केलं आणि तीन वर्षांत त्या तिथल्या मुख्य फोटोग्राफर झाल्या. ८ डिसेंबर १९८० ला बीटल्सचे गायक जॉन लेनन आणि त्यांची पत्नी योको ओनो यांचा तो बिलगलेला फोटो काढला आणि त्याच रात्री लेननची हत्या झाली. इतकं सगळं असूनही २००९ मध्ये त्यांच्यावर २ कोटी ४० लाख डॉलरच्या कर्जाचं संकट आलं, राहती मालमत्ता आणि आयुष्यभर काढलेल्या फोटोंचे हक्क तारण ठेवलेले होते, प्रकरण कोर्टात गेलं आणि मग तडजोड झाली. तुमच्या मुलीला दोन गोष्टी नक्की सांगा, कामाच्या पैशाचं खातं घरखर्चापेक्षा वेगळं ठेवायचं, आणि भाड्याने मिळणारं सामान विकत घ्यायचं नाही. लाईट, लेन्स सगळं भाड्याने मिळतं.

मी काढलेला एका गायकाचा फोटो दुसऱ्याच कुणीतरी पोस्टरवर वापरला. विचारलं तर म्हणाले, फोटो त्या गायकाचा आहे ना, तुझा कुठे आहे? यावर काय बोलायचं?

फार जुना वाद आहे हा. १८८२ मध्ये लेखक ऑस्कर वाइल्ड अमेरिकेत व्याख्यानांच्या दौऱ्यावर गेले होते, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये नेपोलियन सरोनी या फोटोग्राफरने त्यांचे फोटो काढले. त्यातला १८ नंबरचा फोटो एका लिथोग्राफ, म्हणजे दगडी छापाची चित्रं, छापणाऱ्या कंपनीने न विचारता छापला, ८५ हजार प्रती. सरोनी कोर्टात गेले. कंपनीचं म्हणणं काय तर फोटो यंत्र काढतं, यात फोटोग्राफरची निर्मिती कुठे आहे? १८८४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की वाइल्डना कसं बसवायचं, कपडे-पडदे कसे मांडायचे, उजेड-सावली कशी पाडायची, चेहऱ्यावर कुठला भाव आणायचा हे सगळं सरोनींनी ठरवलं, म्हणून ते या फोटोचे निर्माते. तुम्हाला जो प्रश्न विचारला गेला त्याचं उत्तर तेव्हाच दिलेलं आहे.

पण कायदा देशोदेशी वेगळा असतो, आणि पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क कुणाचा हे बऱ्याच ठिकाणी करारावर ठरतं. म्हणून शूटच्या आधी लिहून घ्या. पानभर पुरे. फोटो कुठे वापरणार, किती काळ, नाव छापणार का, मूळ फाईल कुणाकडे राहणार, आणि समोरच्याला फोटो पसंत-नापसंत करायचा अधिकार आहे का. मेलवर लिहिलेलंही उपयोगी पडतं. सुरुवातीला माझ्याही एका फोटोचं असंच झालं, मासिकासाठी काढलेला फोटो कुठल्याशा वस्तूच्या जाहिरातीत झळकला, आणि फोटोतल्या कलाकाराला वाटलं की मीच विकला. त्यांचा विश्वास परत मिळवायला मला दोन वर्षं लागली. तेव्हापासून जाहिरातीसाठी फोटो द्यायचा असेल तर फोटोतल्या माणसाची वेगळी लेखी परवानगी घेतल्याशिवाय मी फाईल पाठवत नाही.

रिटचिंग, म्हणजे काढलेल्या फोटोत नंतर केलेली साफसफाई, किती करता? सेलिब्रिटींची त्वचा अशी कशी असते?

नसते तशी. पुटकुळ्या, डाग, डोळ्यांखालची वर्तुळं सगळ्यांना असतात. रिटचिंग काही कम्प्युटरने आणलेलं नाही, १९३० च्या सुमाराला हॉलिवूडच्या स्टुडिओंमध्ये निगेटिव्हवर पेन्सिलीने काम करून चेहरे गुळगुळीत करायचे, नटी जोन क्रॉफर्ड यांच्या चेहऱ्यावर भरपूर ठिपके होते आणि फोटोत एकही दिसायचा नाही.

माझा नियम साधा आहे. पंधरा दिवसांत जे आपोआप जाईल ते मी काढते, म्हणजे पुटकुळी, ओरखडा, झोप न झाल्याची सूज. जे कायमचं आहे ते ठेवते, तीळ, व्रण, सुरकुत्या. नाक बारीक करणं, कंबर आत घेणं मी करत नाही, सांगितलं तरी नाही, त्यामुळे माझी काही कामं गेलीत. फ्रान्समध्ये २०१७ पासून जाहिरातीतल्या मॉडेलचं शरीर जाड-बारीक केलं असेल तर तसं फोटोवर छापावं लागतं, मला हा नियम योग्य वाटतो.

वर ज्या अभिनेत्रींबद्दल लिहिलं, त्यांच्या नाकावरचे चष्म्याचे ठसे माझ्या नियमाप्रमाणे काढायला हवे होते, ते तर तासाभरात जातात. मी काढून फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी त्यांचा स्वतःचा फोन आला, म्हणाल्या, ते ठसे कुठे गेले? चाळीस वर्षं मी स्क्रिप्ट वाचतेय त्याच्या खुणा आहेत त्या, परत लाव. मी परत लावले आणि तसाच फोटो छापला.

मी ४६ वर्षांची आहे. मुलं मोठी झाली, गेल्या वर्षी स्वतःसाठी कॅमेरा घेतला. माणसांचे फोटो काढायला फार आवडतं पण आता सुरुवात करायची म्हणजे उशीर झाला ना?

इंग्लंडच्या फोटोग्राफर ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना पहिला कॅमेरा मिळाला तेव्हा त्या ४८ वर्षांच्या होत्या. साल १८६३, कॅमेरा दिला लेक आणि जावयाने. त्यांनी कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ केला, कोळशाच्या कोठीत डार्करूम, म्हणजे फोटो धुवायची अंधारी खोली केली, आणि पुढच्या काही वर्षांत कवी टेनिसन, शास्त्रज्ञ डार्विन, खगोलशास्त्रज्ञ हर्शेल अशा त्या काळच्या सगळ्यात नावाजलेल्या माणसांना समोर बसवलं. फोटो अस्पष्ट येतात, निगेटिव्हच्या काचेवर डाग असतात म्हणून तेव्हाच्या जाणकारांनी त्यांना नावं ठेवली. हर्शेल यांचा तो विस्कटलेल्या पांढऱ्या केसांचा फोटो बघा, बाजूचा अंधार आणि त्यातून बाहेर आलेला म्हातारा चेहरा. दीडशे वर्षांहून जास्त काळ झाला तरी नजर हटत नाही.

तुमच्याकडे कॅमेरा आहे आणि एक वर्षाचा सराव आहे. तुम्ही पत्रात लिहिलंय की शेजारच्या निवृत्त शिक्षकांचा फोटो काढायचाय पण विचारायला संकोच वाटतो. उद्या विचारा. सकाळी खिडकीशी बसवा, हातात त्यांचं जे काही रोजचं असेल ते द्या, आणि पहिले दहा फोटो काढून झाले तरी कॅमेरा खाली ठेवू नका. आलेले सगळे फोटो मला पाठवा, निवडलेले नकोत, सगळे. कुठला ठेवायचा ते पुढच्या अंकात बघू.